अगत्तीची टेकडी

१

साजिदामावशींचा पोलीस दाखला फायलीत नव्हता. त्याच्या जागी, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात, तीन घड्या घातलेला एक कोरा कागद होता.

गुरुवारची सकाळ. अर्णवचं खिमट गॅसवर रटरटत होतं, अर्णव माझ्या कडेवर होता आणि माझ्या सासूबाई फाईल उघडून जेवणाच्या टेबलाशी तशाच उभ्या होत्या. एकतीस वर्षं शाळेचं ऑफिस सांभाळलेली बाई. त्यांच्या हातून कागद हरवत नाहीत. त्यांना बघून इतरांच्या हातूनही हरवत नाहीत.

"कोरा?" साजिदामावशी म्हणाल्या. आमचे तीन जिने चढून आल्यामुळे त्यांना अजून धाप लागली होती. "माझा दाखला कोरा कसा होईल?"

"दाखला कोरा नाही गं. दाखला नाहीच." आई खाली बसल्या.

या दोघींची ओळख शाळेतली. आई ऑफिसात, मावशी शिवणाच्या बाई. लक्षद्वीपला जायचं हे त्यांनी कधी ठरवलं ते दोघींनाही नक्की आठवत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी त्या विमानाचं भाडं आणि तिथल्या हॉटेलांचे दर विचारायच्या, मग चहा प्यायच्या आणि विषय बदलायच्या. या वर्षी पूर्णा गावच्या, सहलींची तिकिटं काढून देणाऱ्या तुळशीरामने त्यांना जहाजाचा कागद दाखवला. मुंबईहून निघायचं, राहणं, जेवण, समुद्र, बेट सगळं एकाच तिकिटात. सुट्ट्यांची गर्दी टाळून, मधल्या वारी सुटणारी फेरी आणि बिनखिडकीची आतली खोली घेतली, तर लोणावळ्याला चार दिवस राहावं तेवढ्यातच बेटं दिसणार होती. दोघींनी त्या दिवशी चहा प्यायला नाही. सरळ नावं लिहून दिली.

फक्त बेटावर उतरायला परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला. तो मिळायला नऊ दिवस गेले होते. फाईल तुळशीरामच्या हातात द्यायची शेवटची वेळ होती शनिवारी दुपारी बारा. म्हणजे दुसरा दाखला काढायला वेळच नव्हता.

"आईंचा दाखला आहे?" मी विचारलं.

होता. फोटो होते, दोघींचे फॉर्म होते. गेला होता तो एकच कागद.

"तुला यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस," आई खालच्या आवाजात म्हणाल्या.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "नीला, सहा महिने मी तुझे जिने चढते आहे. दिवसातून दोनदा. कशासाठी? तुझा चहा एवढा काही चांगला नसतो."

ते खरं होतं. लक्षद्वीपच्या ज्या अगत्ती बेटावर त्या उतरणार होत्या तिथे एक टेकडी आहे, टेकडीवर गोड्या पाण्याची विहीर आहे आणि तिथून चारी बाजूंनी समुद्र दिसतो. मावशींचे यजमान, गुलाम हुसेनचाचा, तीस वर्षं जहाजावर होते. ते तिथे उतरले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पत्रांत, मग कॅसेटींत भरून पाठवलेली ती टेकडी मावशींना पाठ होती. तिच्यासाठीच त्या गुडघे तयार करत होत्या.

मी अर्णवला आईंकडे दिलं आणि फायलीची सुतळी उचलली.

"आई, तुम्ही वेढे किती घेता?"

"दोन. नेहमी."

"हिला एकच होता."

२

काल्हेरच्या एका गोदामात मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर काम करते. सध्या अर्णवसाठी रजेवर आहे. लोक वस्तू मागवतात, वापरतात आणि 'नको' म्हणून परत पाठवतात. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी येते. वजन बरोबर, चिकटपट्टी बरोबर. अशी खोकी बघून बघून हाताला सवय होते. आधी दोरी बघायची, मग चिकटपट्टी, आतली वस्तू सगळ्यात शेवटी. आणि आत काय सापडलं हे गिऱ्हाइकाला आपण होऊन कधीच सांगायचं नाही.

आईंची गाठ दगडासारखी असते. ती सुटत नाही, कापावीच लागते. चोराने ती कापून टाकली होती आणि उरलेल्या सुतळीची टोकं जोडून एकच वेढा दिला होता. जोड मधोमध होता. एक टोक दुमडलेलं, दुसरं त्याच्या आतून येऊन, मागून वळून, स्वतःखाली दाबलेलं. दोन्हीकडे करंगळीएवढ्या शेपट्या.

भिवंडीत वाढलेल्या कुणालाही ती गाठ ओळखू येईल. तुटलेलं सूत, म्हणजे तार, जोडायची लूमवरची, यंत्रमागावरची गाठ.

फाईल मंगळवारपासून मावशींच्या कपाटात होती. आमच्याकडे अर्णव हाताला लागेल तो कागद फाडतो, म्हणून आईंनीच ती तिकडे ठेवायला दिली होती. आज सकाळी मावशीच ती परत घेऊन आल्या होत्या. कपाटाला किल्ली लावलेली नसते. घरात माणसं चार. मावशी, चाचा, मुलगा राहिल आणि सून जोहा. राहिलचे लूम आहेत. जोहाचं माहेर लूमवाल्यांचं.

"मावशी, तुम्ही इथेच बसा," मी म्हटलं. "घरी फोन करू नका. मी फक्त एवढंच विचारणार आहे की एक कागद कमी पडतोय, कुणी पाहिला का."

"माझ्या घरात चोर शोधणार तू?"

"चोर नाही. कागद."

मावशींनी डोळे पुसले आणि अर्णवला मांडीवर घेतलं. "जा. पण राहिलवर ओरडू नकोस. तो वरून ओरडतो, आतून घाबरट आहे."

जोहा दारातच भेटली. ओला हात ओढणीला पुसत, दुसऱ्या हातात पुस्तक. तिच्या बीएडच्या परीक्षा जहाजाच्याच आठवड्यात होत्या आणि तिच्या तीन वर्षांच्या अलिजाला सांभाळणाऱ्या मावशी समुद्रावर असणार होत्या. म्हणजे कारण होतं.

"कागद? कुठला, फोटोचा का?" ती म्हणाली. "मी अम्मीला सांगितलं होतं, दोन जास्तीचे काढून ठेव. थांब, मोबाइलमध्ये आहे तो, आत्ता प्रिंट काढून आणते."

"तुझ्या परीक्षेचं काय गं? अलिजाला कोण बघणार?"

"माझी आई येतेय की. अम्मीनेच तिला पटवलं." ती हसली. "आणि खरं सांगू? अम्मी घरी राहिली ना तर मला जास्त टेन्शन. दर तासाला दूध आणून देईल, 'पी, डोकं चालेल.'"

तिच्या मागून चाचा आले. एकाहत्तर वर्षांचे, सडपातळ, खिशात तेलाची छोटी कुपी. त्या घरात एकही दार करकरत नाही. चाचा रोज बिजागऱ्या तपासतात, पंखे, शिलाई मशीन, गल्लीतल्या पोरांच्या सायकलीसुद्धा.

"आओ बेटी. अर्णवला नाही आणलंस?"

"आईंकडे आहे. चाचा, फायलीत एक कागद कमी आहे. मावशींचा."

ते स्टुलावर बसले. "अब क्या होगा," ते म्हणाले. "परत अर्ज करा, नऊ दिवस थांबा. जहाज काय कुणासाठी थांबत नाही. तिला सांग, वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तरी चांगली खोली घ्या म्हणावं," जोहा हसून म्हणाली. "अब्बांचं पहिल्यापासून तेच चाललंय. आतली खोली नको, आतली खोली नको."

"नकोच," चाचा म्हणाले. "आत दिवस कळत नाही. उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ, भिंत सांगत नाही. भिंत नुसती थरथरते."

मी जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत आले तेव्हा काहीतरी चुकलं असं वाटत होतं. खोक्याचं वजन बरोबर असतं, पण हलवल्यावर आवाज वेगळा येतो, तसं. काय ते मात्र समजेना.

३

राहिलच्या शेडमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. चोवीस लूम एकदम खटखटत असतात. तो मला दाराबाहेर घेऊन आला.

"फॉर्म हरवला?" तो म्हणाला. "तर दुसरा भरा ना, भाभी. तुळशीरामकडे गठ्ठा पडलाय फॉर्मांचा."

"तुला अम्मी जायला नको आहेत ना?"

"नको आहे." त्याने लपवलं नाही. "चौसष्ट वय, दोन्ही गुडघे गेलेले, आणि टेकडी चढणार म्हणते. विहिरीचं पाणी पिणार म्हणते. तिकडे पाय मुरगळला तर? अब्बा तिला समजावत नाहीत, उलट टेकडीवर अजून काय काय आहे ते सांगत बसतात. लहानपणी मी ती टेकडी ऐकतच झोपायचो. आता तीच टेकडी माझी झोप घालवते."

मी पिशवीतून सुतळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही गाठ कुणाची?"

त्याने बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "आमचीच आहे ही. लूमची. म्हणजे तुला वाटतं की मी..."

"मला काही वाटत नाही. बघ नीट."

तो उजेडात गेला. मग मला आत घेऊन गेला. जवळच्या लूमवर तार तुटली होती. कारीगराने मशीन थांबवलं, दोन टोकं चिमटीत धरली, बोटं कुठे फिरली ते दिसलंही नाही. गाठ झाली आणि त्याच झटक्यात कात्रीने दोन्ही टोकं अगदी मुळाशी कापली. पुन्हा खटखट.

"शेपूट बघितलं?" राहिल माझ्या कानात म्हणाला.

"शेपूट नव्हतंच."

"ठेवतच नाहीत. शेपूट राहिलं की फणीत अडकतं, तार पुन्हा तुटते, कापडाला डाग. कारीगर पहिल्या दिवशी गाठ शिकतो आणि दुसऱ्या दिवशी मार खातो तो शेपटासाठी. जोहाने ओढणीचा धागा जोडला तरी टोक दाताने तोडते. अम्मी शिवणवाली, तीही तोडते. आणि याला..." त्याने सुतळी वर धरली. "करंगळीएवढं. दोन्हीकडे."

"म्हणजे?"

"गाठ आमची आहे भाभी. बांधणारा आमचा नाही."

४

दुपारी अर्णव मांडीवर झोपला होता. त्याची मूठ माझ्या बोटाभोवती होती, म्हणून मी एकाच हाताने फोन बघत होते. आई आणि मावशी आतल्या खोलीत. एक पलंगावर, एक खुर्चीत, दोघी गप्प. त्यांच्यात असं गप्प राहणं मी याआधी ऐकलं नव्हतं.

तीच गाठ मारणारा, पण टोकं लांब ठेवणारा. ज्याची दोरी फणीतून जात नाही, ज्याच्या दोरीवर ओझं येतं. आखूड टोक ओझ्याखाली सटकतं. म्हणून दोरखंड जोडणारा माणूस शेपूट ठेवतो. फोनवर शोधलं तर लगेच सापडलं. लूमवरची गाठ आणि जहाजावरची दोर जोडायची गाठ, एकच.

आणि मग सकाळी गल्लीत काय खटकलं तेही समजलं. मी तिघांनाही एवढंच सांगितलं होतं की एक कागद कमी आहे. जोहाला वाटलं फोटो. राहिलला वाटलं फॉर्म. चाचा म्हणाले, नऊ दिवस थांबा. नऊ दिवस फक्त दाखल्याला लागतात.

पण का? ज्या माणसाने बायकोला चाळीस वर्षं बेट ऐकवलं, त्याला ती तिथे जायला नको?

तुळशीरामने दिलेलं माहितीपत्रक मी पुन्हा उघडलं. अगत्तीचा विमानातून काढलेला फोटो. ताटलीत पाणी घालून त्यावर एक लांबट पोळी सोडावी, तसं. माड, वाळू, माड, पाणी. मी फोटो मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला. मग तुळशीरामला फोन लावला.

"तुळशीरामभाऊ, अगत्तीवर टेकडी कुठल्या बाजूला आहे?"

"टेकडी?" तो हसला. "न्हाय वो ताई, तिथं टेकडी कुठली? सगला सपाट हाय. माड सोडला तर उंच असं कायबी न्हाय."

"लहानशी? चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील अशी?"

"मी दोन येला जाऊन आलोय. चढायला तिथं बोटीचा जिना हाय फकस्त."

मी फोन ठेवला. आतून मावशींचा आवाज आला, "अदिती, काही समजलं का गं?"

"उद्या सांगते," मी म्हटलं. पण दाखला कुणी घेतला हे सांगायचं म्हणजे टेकडीचंही सांगावं लागणार होतं आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

५

शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली इतकी शांत की कुकरच्या शिट्ट्या वेगवेगळ्या मोजता येतात. मी अर्णवला घेऊन गेले. चाचा गच्चीत अलिजाच्या सायकलच्या साखळीला तेल देत होते.

मी सुतळी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलून जोडावरून अंगठा फिरवला.

"गाठ चांगली आहे," मी म्हटलं. "सुटली नसती."

"पहिल्या वर्षी सगळ्यांना शिकवतात. हात विसरत नाही." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि अर्णवच्या हाताला लागणार नाही असा माझ्याकडे दिला. मावशींचा दाखला. कोपऱ्यात त्यांचा फोटो, डोक्यावरून पदर, कॅमेऱ्याकडे बघून ओठ घट्ट मिटलेले. "फाडायला तीनदा घेतला. तिचा फोटो आहे ना त्यावर."

"तुम्ही अगत्तीला कधी उतरलाच नाहीत."

"कुठेच उतरलो नाही बेटी." ते अगदी सहज बोलले, जणू कुणीतरी विचारेल म्हणून इतकी वर्षं वाट बघत होते. "वर फक्त पहिलं वर्ष होतो. मग खाली, इंजिनात. तेलवाला. घरी सांगितलं डेकवर आहे. लग्न नवीन होतं. ती पत्रात विचारायची, आज काय बघितलं? मी काय बघितलं होतं? दाबाचा काटा. आमच्यात एक अगत्तीचा माणूस होता, त्याच्याकडून नाव घेतलं. टेकडी मी घातली. तिला आवडली. मग पुढच्या पत्रात विहीर घातली. मग राहिल झाला, तर त्याच्यासाठी विहिरीवर एक माकड. तीस वर्षं बेट वाढतच गेलं."

अर्णव त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. त्यांनी एका हाताने त्याला आधार दिला.

"मला वाटलं ती जाणार कुठे. विमान, हॉटेल, आपल्याला कुठलं परवडतंय. आणि मग हे जहाज आलं. बेट स्वस्त झालं आणि माझी टेकडी बुडाली. ती तिथे वाळूत उभी राहील, चारी बाजूंना बघेल आणि म्हणेल, हा माणूस माझ्याशी आयुष्यभर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मी माझ्या मुलाकडे बघितलं. घास भरवताना मी त्याला रोज काय काय सांगते, ते आठवलं.

"चाचा, दाखला कपाटाच्या फळीमागे पडला होता असं मी सांगू शकते," मी म्हटलं. "सगळ्यांना पटेल. पण मग त्या जातील आणि टेकडी शोधतील. गुडघे बांधून, पूर्ण दिवस. आणि आईंना विचारतील, नीला, कुठे गं ती?"

चाचांनी कुपीचं झाकण लावलं.

"तिला वर बोलव," ते म्हणाले. "तू जाऊ नको. तू असलीस तर मी शेवटपर्यंत बोलेन."

६

मावशी गच्चीचा जिना न थांबता चढून आल्या. सहा महिन्यांच्या सरावाचा तेवढा तरी उपयोग झाला होता.

चाचांनी सगळं सांगितलं. 'दाखला मी कपाटातून घेतला' इथून त्यांनी सुरुवात केली आणि दाबाच्या काट्यापर्यंत गेले. मध्ये एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मावशी उभ्याच होत्या.

"विहीर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि ते माकड?"

"तेही."

"सहा महिने," मावशी म्हणाल्या. "सहा महिने मी नीलाचे तीन जिने चढते आहे, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणाला, बाई, या वयात एवढं कशाला? मी त्याला म्हटलं, तुम्हाला काय माहीत, तिथे टेकडी आहे. बिचाऱ्याने सॉरी म्हटलं मला."

कुणीच हसलं नाही. मावशी कठड्यापाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी बिर्याणीचं पातेलं घासत होतं. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा भांडतील आणि मी अर्णवला घेऊन खाली जायला हवं. मी उठले.

"बस गं," त्या मागे न वळता म्हणाल्या. मग, चाचांना, "दाखल्याचं मी नंतर बघेन. नीला काल दिवसभर समजत होती की मला तिच्याबरोबर जायचं नाही. त्याची माफी तू स्वतः जाऊन मागायची, तिच्या घरी, तीन जिने चढून."

"मागेन."

"मग आता सांग. काय बघितलंस?"

"म्हणजे?"

"तीस वर्षं. खरं काय बघितलंस ते."

चाचा गोंधळले. "त्यात सांगण्यासारखं काय आहे साजिदा? आग, धूर, तेल. चार तास ड्युटी, आठ तास आराम. इतकी गरमी की पाण्यात मीठ घालून प्यायचो. कान गेले तिथेच."

"बंदर आलं हे कसं कळायचं? खिडकी नाही म्हणतोस तर?"

"आवाजावरून." ते आता हळू बोलत होते. "इंजिनाचा आवाज उतरायला लागला की समजायचं, जमीन जवळ आली. मग सगळे एक मिनिट गप्प व्हायचे. प्रत्येकाला आपलं घर आठवायचं. वरचे लोक दोर टाकायला धावायचे, शहर बघायला उतरायचे. आमचं काम तेव्हाच सुरू व्हायचं, दुरुस्तीचं. मी त्या एका मिनिटात तुझ्यासाठी टेकडी करायचो. पुढच्या बंदरापर्यंत मनात पक्की करायचो, म्हणजे कॅसेटमध्ये अडखळायला नको."

मावशी वळल्या. चाचांसमोरच्या उलट्या बादलीवर बसल्या, त्यांचा उजवा हात घेतला आणि बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत लहान लहान गोल डाग होते, वाटाण्याएवढे.

"हे दोराचे म्हणाला होतास."

"तेलाचे आहेत. उकळत्या."

त्या एकेका डागावरून बोट फिरवत राहिल्या. मी खाली आले. जिन्यात जोहा उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. "कागद सापडला?"

"सापडला," मी म्हटलं. "दोघांना चहा नेऊन दे. पण अर्ध्या तासाने."

७

शनिवारी साडेअकराला आम्ही चौघं तुळशीरामच्या ऑफिसात होतो. म्हणजे दोघी जाणाऱ्या, मी आणि मला सोडायला तयार नसलेला अर्णव, त्याला चौथा धरलं तर. आदल्या संध्याकाळी चाचा आमच्याकडे येऊन गेले होते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी आईंपुढे हात जोडले. आई म्हणाल्या, आधी पाणी प्या, मग गुन्हा कबूल करा.

तुळशीरामने फाईल उघडली, कागद मोजले, दाखल्यावरचा शिक्का बघितला. "सगला बरोबर हाय. मावशी, एक सांगतो, खोली आतलीच ऱ्हाऊ दे. झोपायपुरती जायाची, दिवसभर डेकवर बसा."

"खोली आतलीच हवी," मावशी म्हणाल्या.

आईंनी त्यांच्याकडे बघितलं.

तुळशीरामने शेवटचा फॉर्म पुढे ओढला. "आता ह्यो खालचा रकाना. खास विनंती. कुनी जैन जेवन लिवतं, कुनी व्हीलचेर. कुनाचा वाढदिवस असला तर केक देतात, फुकट. तुमचा काय लिवू?"

"इंजिन बघायचंय."

त्याचं पेन थांबलं. "कंचं इंजिन?"

"जहाजाचं. खाली जाऊन."

"मावशी, सात वर्सं झाली मला या धंद्यात. लोक कॅप्टनबरोबर फोटो मागतात, स्विमिंग पूल इचारतात. इंजिन कुनी मागितलं न्हाय. पाशिंजराला सोडत नसतील तिथं. लय गरम असतंय, आवाज बी लय."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. "तू लिही तर. नाही म्हणाले तर दारापर्यंत नेऊन आणा म्हणावं. मी बाहेरून ऐकेन."

तुळशीरामने एकदा आईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्याने रकान्यात सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं आणि मावशी टेबलावर वाकून, त्याचं प्रत्येक अक्षर नीट पडतंय ना, ते बघत राहिल्या.